मूळ रूपातलं अन्न, अख्ख्या घरासाठी: पूर्वजांच्या आहाराकडे पायरी-पायरीनं

चार वर्षांपूर्वी एका रविवारी मी घरातले बिस्किटांचे पुडे, सरबतांच्या बाटल्या, झटपट नूडल्स असं सगळं दोन मोठ्या पिशव्यांत भरलं आणि जेवताना जाहीर केलं, की आजपासून आपण पूर्वजांसारखं खायचं. अकराव्या दिवशी सगळं परत घरात आलं.

कारण साधं होतं. ठरवलं मी होतं आणि राबत होती बायको. नोकरीवरून येऊन कडधान्यं भिजवायची, भाज्या निवडायच्या, दोन्ही मुलांचे डबे ताज्या अन्नानं भरायचे, हे सगळं तिच्यावर पडलं होतं. अकराव्या रात्री साडेनऊ वाजता ती ओट्यापाशी उभी होती. भिजत घालायचे हरभरे विसरल्यामुळे दुसऱ्या दिवशीचा सगळा बेत कोलमडला होता. ती चिडली नव्हती, थकली होती. तिनं एवढंच विचारलं, "तुझ्या पूर्वजांच्या घरी हे सगळं एकटीच करायची का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा सुरुवात केली ती या प्रश्नापासून, आणि ती आजवर टिकली आहे. पुढच्या पायऱ्यांमध्ये खाद्यपदार्थांइतकंच कामाबद्दलही वाचायला मिळेल, ते त्यामुळेच.

आधी हे ठरवू: कोणते पूर्वज?

१९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्व्हिन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी एका वैद्यकीय नियतकालिकात अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला. आपलं शरीर फार जुनं आहे आणि ताटातलं अन्न मात्र अगदी नवं, या दोघांचं जुळत नाही, असा त्यांचा मुद्दा. पुढे या विचाराची लोकप्रिय आवृत्ती निघाली आणि तिनं धान्य, कडधान्य, दूध या सगळ्यांवर एका फटक्यात फुली मारली.

मला हे पटत नाही. इस्रायलमधल्या ओहालो या ठिकाणी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी धान्य दळल्याच्या खुणा दगडावर सापडल्या आहेत. जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या भाजलेल्या पदार्थाचे तुकडे मिळाले. म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता. आणि आजही जे समाज जुन्या पद्धतीनं खातात, त्यांची ताटं एकमेकांपासून किती वेगळी आहेत बघा. टांझानियातले हाद्झा लोक कंदमुळं, बोरांसारखी फळं, मध आणि शिकार यांवर जगतात. पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावर कंद, फळं, नारळ आणि मासे. आर्क्टिक प्रदेशातल्या इनुइट लोकांचा पारंपरिक आहार जवळजवळ सगळा सील, मासे अशा प्राणिज अन्नाचा. पूर्वजांचा म्हणून एकच एक आहार कधी नव्हताच.

तरी या सगळ्यांत दोन गोष्टी सारख्या आहेत. अन्न घरात येतं ते ओळखू येईल अशा रूपात, आणि ते खाण्याजोगं करण्याची एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. ही दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. विसरल्यावर काय होतं, ते मक्यानं दाखवून दिलं आहे. मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून मग दळत आले. त्यामुळे मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपीय लोकांनी मका उचलून आपल्याकडे नेला, पण ही रीत तिथंच राहिली. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरांनी मक्यावर जगणाऱ्या गरिबांमधल्या एका भयंकर आजाराचं वर्णन केलं. तो पेलाग्रा. कातडी सोलवटणं, जुलाब, बुद्धिभ्रम आणि शेवटी मृत्यू. दोन शतकं हा आजार माणसं मारत राहिला. पीक गेलं, रीत मागे राहिली.

तांदळाचंही तसंच. १८९०च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांनी पाहिलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांच्या पायांतली शक्ती जाते आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या बेरीबेरी या आजाराचं कोडं त्यातून सुटत गेलं आणि १९२९ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. कोंड्याबरोबर आपण काय फेकून देतो, हे त्यातून कळत गेलं.

आणि आजच्या पाकीटबंद अन्नाचं काय? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल या संशोधकांनी २० प्रौढांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न, दोन आठवडे साध्या घटकांपासून शिजवलेलं अन्न. समोर ठेवलेल्या ताटांतली साखर, चरबी, मीठ, तंतुमय भाग आणि उष्मांक सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारात लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोनं वाढलं. दुसऱ्या प्रकारात तेवढंच कमी झालं. कुणी कुणाला "कमी खा" म्हटलं नव्हतं. घरातल्यांना पटवायचं असेल तर मी हा एकच प्रयोग सांगतो.

पायरी १: आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा

एक वही फ्रिजवर लटकवा. घरात कोणी, कधी, काय खाल्लं ते लिहा. त्यापुढे आणखी दोन रकाने: ते पाकिटातून आलं की शिजवलं, आणि शिजवलं असेल तर कोणी व किती वेळात. मुलांना सांगताना "तपासणी" हा शब्द वापरू नका. आम्ही धाकटीलाच वहीची प्रमुख केलं होतं, तिनं चित्रं काढली.

आठवड्यानं वही वाचताना दोन गोष्टी दिसल्या. आमची जेवणं बरीच ठीक होती, बिघाड संध्याकाळी पाच ते सातमध्ये होता. पाकिटांतलं बहुतेक खाणं या दोन तासांत व्हायचं. आणि "कोणी केलं" या रकान्यात एकच अक्षर खाली खाली येत गेलं होतं.

तुमच्या घरी बिघाड सकाळच्या घाईत असेल, किंवा रात्री उशिरा टीव्हीसमोर. तो शोधा. सगळीकडे एकदम हात घालण्यापेक्षा तिथून सुरुवात करा.

पायरी २: अन्नाआधी काम वाटून घ्या

मूळ रूपातलं अन्न म्हणजे जास्त काम, हे मोकळेपणानं मान्य करू या. कारखाना जे काम करत होता, ते आता घरात होणार. ते कोण करणार, हे ठरल्याशिवाय एकही पुडा घराबाहेर काढू नका.

कागदावर कामं सुटी सुटी मांडा. खरेदी, निवडणं, भिजवणं, चिरणं, शिजवणं, डबे भरणं, भांडी. आणि या यादीत कधीच नसणारं एक काम: उद्या काय करायचं याचा विचार. सगळ्यांत जास्त थकवणारं काम तेच, आणि ते दिसत नाही म्हणून कुणी त्याची दखल घेत नाही.

आमची वाटणी अशी झाली. भिजवणं-उपसणं आणि संध्याकाळचं खाणं माझ्याकडे. आठवड्याचा बेत शनिवारी रात्री चौघांनी बसून लिहायचा, पंधरा मिनिटांत. रविवारी दोन तास सगळे स्वयंपाकघरात: थोरला, तेव्हा तेरा वर्षांचा, भाज्या चिरतो, सहा वर्षांची धाकटी चाळणीत पालेभाजी धुते, बायको आणि मी दोन-तीन पातेली शिजवून ठेवतो. शिजवलेलं कडधान्य एकेका वेळेपुरतं डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. शिजवलेला भात आणि डाळी दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत, हे लक्षात असू द्या. बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही.

ज्याला बदल हवा आहे, त्यानं सगळ्यांत कंटाळवाणं काम आधी उचलावं. बाकीचे आपोआप पुढे येतात.

पायरी ३: कपाट उघडा

ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्रिया किती झाली त्यावरून अन्नाचे चार गट पाडले आहेत. पहिला, निसर्गातून आलेलं किंवा अगदी थोडी प्रक्रिया झालेलं: धान्य, भाज्या, अंडी, दूध, मांस. दुसरा, स्वयंपाकात वापरायचे घटक: तेल, मीठ, साखर. तिसरा, या दोहोंपासून बनलेले साधे पदार्थ: चीज, ताजा पाव, खारवलेल्या भाज्या. चौथा, अल्ट्रा-प्रोसेस्ड: कारखान्यात सुट्या केलेल्या घटकांची जुळणी करून, वर रंग-वास-चव चढवलेलं. आपल्याला धरायचा आहे तो हा चौथा गट. पाकिटात आलं म्हणजे वाईट, असं नाही. गोठवलेले मटार, साधं दही, फक्त टोमॅटो असलेला डबा हे सगळं खुशाल ठेवा.

ओळखायचं कसं? पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. आम्ही एका संध्याकाळी मुलांना घेऊन टेबलावर बसलो. हातात "अनेक धान्यांची" म्हणून आणलेली बिस्किटं. पुढच्या बाजूला शेत, ऊन, कणसं. मागे पहिला घटक मैदा, दुसरा साखर, तिसरा तेल. ती अनेक धान्यं कुठे आहेत ते शोधायला थोरल्याला बोट ओळीवरून सरकवत शेवटाकडे जावं लागलं. त्यानं मोठ्यानं वाचलं: इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर. धाकटीनं विचारलं, "हे आपल्याकडे डब्यात आहे का?" तो प्रश्न आम्ही नियम म्हणून उचलला. जो घटक घरच्या डब्यात असू शकत नाही, तो दिसला की थांबून विचार करायचा.

फेकून मात्र देऊ नका. अन्न फेकताना बघून मुलं गोंधळतात आणि पैसेही जातात. आहे ते संपू द्या, फक्त नवं आणू नका. दीड-दोन महिन्यांत कपाट आपसूक बदलतं. घरात नसलेल्या गोष्टीवरून भांडण होत नाही.

पायरी ४: प्यायचं

सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत मोठा बदल हाच, त्यामुळे यावर फार लिहीत नाही. ३३० मिलिलिटर कोलाच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की मुक्त साखरेतून, म्हणजे मुख्यतः पदार्थात वरून घातलेल्या साखरेतून, येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या, तर ५ टक्के म्हणजे अवघी २५ ग्रॅम. फळांचा रस आणि मधसुद्धा या मुक्त साखरेतच मोजले जातात. अख्खं फळ मोजलं जात नाही. म्हणून रस बंद, फळ सुरू. प्यायला पाणी, आणि पचत असेल तर साधं दूध.

पायरी ५: संध्याकाळची भूक

मूल दमून येतं तेव्हा त्याला निवड नको असते, अन्न हवं असतं. समोर जे पहिलं दिसेल ते ते खातं. त्यामुळे पहिलं काय दिसेल, ते आपण ठरवायचं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मुलांच्या हाताला येईल असं: उकडलेली अंडी, उकडलेले हरभरे, रताळं, दही, कापलेली काकडी-गाजरं. टेबलावर फळं. सुकामेवा ठेवलात तर एक काळजी घ्या, पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. कूट करून किंवा वाटून द्या.

या एका पायरीवर आम्ही महिनाभर थांबलो. पुढे जायची घाई केली नाही, आणि आता वाटतं, तेच बरं झालं.

पायरी ६: भिजवणं, मोड आणणं, आंबवणं

ही पायरी मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण "पूर्वजांचं" म्हणण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे. बी म्हणजे झाडाचं साठवलेलं बाळ. ते सहज खाल्लं जाऊ नये म्हणून झाडानं त्यात बरंच संरक्षण ठेवलेलं असतं. त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि झिंक धरून ठेवतं, आणि काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या आतड्यात वायू करतात. भिजवल्यानं हे काही प्रमाणात कमी होतं, मोड आणल्यानं आणि आंबवल्यानं आणखी.

*भिजवणं.* हरभरे, राजमा, वाटाणे अशी मोठी कडधान्यं ८ ते १२ तास, तिप्पट पाण्यात. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर वास येतो. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात शिजवा. डाळींना अर्धा ते दोन तास पुरतात.

राजम्याबद्दल वेगळं आणि गंभीरपणे सांगतो. कच्च्या राजम्यात लेक्टिन प्रकारचं असं एक प्रथिन असतं, ज्यामुळे चार-पाच दाण्यांनीही जोराच्या उलट्या होऊ शकतात. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त घातक ठरू शकतो. भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळून उकळू द्या आणि मऊ होईपर्यंत शिजवा. मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकू नका.

*मोड.* भिजवलेलं कडधान्य निथळून ओल्या कापडात बांधा, दिवसातून दोनदा धुवा. एक-दोन दिवसांत मोड येतात. कच्च्या मोडांत साल्मोनेलासारखे जंतू वाढू शकतात, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसं यांच्यासाठी वाफवूनच घ्या. आम्ही सगळ्यांसाठीच वाफवतो.

*आंबवणं.* कोबीपासून सुरुवात करा. एक किलो कोबी बारीक चिरा, २० ग्रॅम मीठ घाला, म्हणजे वजनाच्या २ टक्के. मीठ चमच्यानं नको, वजनकाट्यावर मोजा. आता हातानं चुरायला लागा. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाही, कोबी करकर वाजतो, हात दुखतात आणि वाटतं, आपलं काही चुकलं. मग एकदम तो मऊ पडतो, बोटांमधून पाणी गळायला लागतं आणि परातीच्या तळाशी फिकट हिरवट पाणी जमतं. तो कोबी काचेच्या बरणीत मुठीनं दाबून भरा, इतका की त्याचंच पाणी वर चढून त्याला झाकेल. वर स्वच्छ धुतलेलं वजन ठेवा. झाकण सैल. घरातल्या साधारण तापमानाला पाच ते सात दिवस, उकाड्यात तीन-चार. बुडबुडे येतात, वास आंबट आणि स्वच्छ येतो. मग फ्रिजमध्ये ठेवा.

आमची पहिली बरणी बिघडली. मी वजन ठेवलं नव्हतं, कोबी पाण्याच्या वर राहिला आणि चौथ्या दिवशी त्यावर हिरवट-काळा केसाळ थर दिसला. असं झालं तर वरचं काढून खालचं वाचवू नका, सगळं टाकून द्या. पाण्याखाली हवा पोचत नाही, तिथं आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात आणि बाकीच्यांना वाढू देत नाहीत. सगळी सुरक्षितता त्या बोटभर पाण्यात आहे. आंबवलेली भाजी खारट असते, तेव्हा ताटात एक-दोन चमचेच घ्या. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं.

*पांढऱ्याकडून अख्ख्या धान्याकडे.* एका रात्रीत बदलू नका. दोन आठवडे पाव हिस्सा अख्खं धान्य, मग अर्धा, मग पाऊण. तंतुमय भाग एकदम वाढवला की पोट फुगतं आणि घरातले म्हणतात, हे अन्न आपल्याला सोसत नाही. सोसतं, आतड्याला थोडा वेळ द्यावा लागतो. पाणी भरपूर प्या.

पायरी ७: अंडी, मासे, मांस, दूध, तेल

मांसाहारी घरांत पूर्वी प्राण्याचा कुठलाच भाग वाया जात नसे. हाडांचं पाणी उकळून घ्या, आठवड्यातून एकदा थोडं यकृत खा. यकृतात अ जीवनसत्त्व अतिशय जास्त असतं, म्हणून गरोदरपणात ते टाळा आणि इतरांनीही रोज खाऊ नये. माशांमध्ये लहान, तेलकट मासे निवडा. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

शाकाहारी घरांना हा आहार जमत नाही, हा गैरसमज आहे. फक्त दोन गोष्टी जाणीवपूर्वक करा. लोहासाठी कडधान्याबरोबर लिंबू, टोमॅटो किंवा आंबट फळ घ्या, आणि चहा-कॉफी जेवणापासून लांब ठेवा. दुसरी गोष्ट बी-१२. दूध-अंडीही खात नसाल तर गोळी किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतील.

जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध सोसत नसेल तर दही घेऊन बघा, त्यात ती कमी असते. दूध नेहमी उकळलेलं किंवा पाश्चराइज्ड. "जुन्या काळासारखं" म्हणून मुलांना कच्चं दूध देणं हा अनाठायी धोका आहे.

तेलाबद्दल थोडक्यात: कमी वापरा, एकदा तळलेलं पुन्हा पुन्हा तापवू नका आणि लेबलवर "हायड्रोजनेटेड" हा शब्द दिसला की ते परत ठेवा.

पायरी ८: मुलं

घरात "डाएट" हा शब्द उच्चारू नका. चांगलं अन्न-वाईट अन्न असंही म्हणू नका, कारण वाईट अन्न खाणारं मूल स्वतःला वाईट समजू लागतं.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी आमच्या घरी फार कामी आली. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. तुमचा भाग तुम्ही सोडायचा नाही आणि मुलाच्या भागात ढवळाढवळ करायची नाही. ताटात एक ओळखीचा पदार्थ हमखास असावा, म्हणजे मूल उपाशी उठत नाही. आणि वेगळा स्वयंपाक करायचा नाही.

नवी चव मुलाला आवडायला बऱ्याचदा आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तीन वेळांत हार मानतो आणि म्हणतो, "आमच्या मुलाला हे आवडतच नाही." धाकटीला बीट नको होतं. पहिल्या आठवड्यात तिनं ते ताटाच्या कडेला सरकवलं, मग बोट लावून लाल झालेलं बोट बघत बसली. तिसऱ्या आठवड्यात जिभेचं टोक लावून तोंड वाकडं केलं. आम्ही काही बोललो नाही, हेच अवघड होतं. साधारण दीड महिन्यानं एका रात्री तिनं माझ्या ताटातला एक तुकडा उचलला, खाल्ला आणि शाळेतली काहीतरी गोष्ट सांगत राहिली. मी बायकोकडे बघितलं, तिनं मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं. कौतुक केलं असतं तर तो तुकडा परीक्षा ठरला असता.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत पहारा चालत नाही. थोरला मित्रांबरोबर बाहेर खातो ते मी विचारत नाही. पण त्याला चार पदार्थ स्वतःला करता येतात, ही माझ्या दृष्टीनं जास्त मोठी गोष्ट आहे. मुलींच्या आणि मुलांच्याही वजनाबद्दल या वयात एक शब्दही काढू नका.

आजी-आजोबा पुडे आणतात ते प्रेमानं. त्यांना नियम सांगायला गेलात तर दुखावतील. माझ्या आईला मी विचारलं, की तिच्या लहानपणी दुपारी भूक लागली की काय खायचे. ती तासभर बोलली. पुढच्या वेळी येताना पुडा आणला नाही, शेंगा आणल्या आणि नातवंडांना घेऊन सोलत बसली.

पायरी ९: घराबाहेर

आठवड्यात २१ जेवणं धरा. त्यातली सोळा-सतरा घरची, मूळ रूपातल्या अन्नाची झाली तर उत्तम चाललं आहे. उरलेली समारंभात, प्रवासात, मित्रांकडे आनंदानं खा. ताटावर बसून घटक विचारणारं मूल घडवायचं नाही.

हे करताना जपायचं

ऑस्ट्रेलियातल्या संशोधक केरिन ओडी यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. मधुमेह असलेले दहा आदिवासी सात आठवडे आपल्या मूळ भूमीत जाऊन शिकार आणि कंद-फळं गोळा करून राहिले. त्यांचं वजन सरासरी आठ किलोंनी घटलं आणि रक्तातली साखर खूप सुधारली. ते कमी उष्मांक खात होते आणि हिंडतही होते, त्यामुळे श्रेय एकट्या अन्नाला देता येणार नाही. पण राहणी बदलली की शरीर किती पटकन बदलतं, ते यातून दिसतं. म्हणूनच घरात कुणी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. अन्न बदललं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या औषधांचं आणि मूत्रपिंडाच्या आजाराचंही तसंच.

वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते. दोन वर्षांखालच्या मुलांचं तूप-तेल कमी करू नका आणि त्यांचं ताट फक्त भाज्या-तंतूंनी भरू नका, इवल्या पोटात ऊर्जा मावली पाहिजे. वाढत्या मुलांचं धान्य आणि फळं बंद करणारे कडक आहार घरी करू नका. मीठ आयोडीनयुक्तच ठेवा, गुलाबी किंवा "नैसर्गिक" मिठात बहुधा पुरेसं आयोडीन नसतं. आणि घरात कुणाला खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेला असेल, तर नियम, याद्या, वह्या यातलं काहीही त्या व्यक्तीच्या बाबतीत वापरू नका.

आज रात्री

वही उद्या आणा, कपाट पुढच्या महिन्यात उघडा. आज झोपण्यापूर्वी एक वाटी हरभरे तीन वाट्या पाण्यात टाका. सकाळी ते कोण उपसणार, हे मात्र दिवा मालवायच्या आधी ठरवून घ्या.